संगणकाचे समाकलन पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही, तेव्हा काय तपासावे

प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रासाठी मॅक्सिमा, सेज किंवा सिम्पाय यांपैकी एखादे सॉफ्टवेअर वापरू लागलेल्या विद्यार्थ्यांची एक तक्रार जवळजवळ प्रत्येक तुकडीत ऐकू येते. समाकलनाची आज्ञा दिली, उत्तरही लगेच आले, परंतु ते पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरासारखे मुळीच दिसत नाही. अशा वेळी काही जण सॉफ्टवेअर चुकले असे ठरवून मोकळे होतात, काही जण पुस्तकात मुद्रणदोष शोधू लागतात, आणि बरेच जण यंत्राचे उत्तर बाजूला सारून पुस्तकातले उत्तर प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवून घेतात. मला सर्वांत जास्त काळजी या शेवटच्या गटाची वाटते, कारण दोन उत्तरे जिथे जुळत नाहीत तिथेच बहुधा शिकण्यासारखे काहीतरी असते, आणि नेमके तेच न पाहता हे विद्यार्थी पुढच्या उदाहरणाकडे वळतात.

या अडचणीवरची रीत थोडक्यात सांगता येते. दोन उत्तरे शेजारी ठेवून त्यांच्या रूपाची तुलना करत बसू नये. एकातून दुसरे वजा करावे आणि ती वजाबाकी कशी वागते ते पाहावे. ती शून्य आली, सगळीकडे एकच स्थिर संख्या आली, वेगवेगळ्या अंतरालांवर वेगवेगळी स्थिर संख्या आली, की क्ष बदलेल तशी बदलत राहिली, यावरून गोंधळ कोठे आहे हे बहुतेक वेळा कळते.

उदाहरणे मुख्यतः मॅक्सिमातली घेतली आहेत, कारण ते विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते, आणि सेजदेखील कलनशास्त्राच्या पुष्कळशा कामासाठी आतून मॅक्सिमाचाच आधार घेते. एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते उतरले आहे. विल्यम शेल्टर यांनी त्याची एक आवृत्ती अनेक वर्षे सांभाळली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळवली. आज्ञांची नावे खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर मात्र ती रोमन अक्षरांतच टाइप करावी लागतात. चलासाठी क्ष वापरला आहे, घातासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे, आणि लॉग म्हणजे सर्वत्र नैसर्गिक लॉगरिदम, कारण मॅक्सिमातही लॉगचा अर्थ तोच आहे.

आधी पाहावे: विचारलेला प्रश्न तोच आहे का?

वजाबाकी करण्यापूर्वी आपण यंत्राला पुस्तकातलाच प्रश्न विचारला आहे याची खात्री करून घ्यावी. उत्तर क्ष बरोबर बदलत जाणाऱ्या फरकाने चुकते तेव्हा कारण बहुधा येथेच सापडते.

मॅक्सिमात ई हा आकडा लिहिताना आधी टक्क्याचे चिन्ह द्यावे लागते, आणि पाय व काल्पनिक एकक आय यांनाही तोच नियम लागू आहे. नुसता ई लिहिला तर तो एक साधा अज्ञात चल मानला जातो आणि यंत्र कोणतीही तक्रार करत नाही. याची खूण ओळखायला सोपी आहे: ई^क्ष चे अवकलन केल्यावर उत्तरात ई^क्ष च्या शेजारी लॉग(ई) असा गुणक दिसला, तर टक्क्याचे चिन्ह राहून गेले आहे.

दुसरा सापळा गुणाकाराच्या चिन्हाचा. २क्ष असे लिहिले तर मॅक्सिमा चूक दाखवून थांबते, त्यामुळे नुकसान होत नाही. क्ष(क्ष+१) असे लिहिले मात्र तर ती क्ष नावाच्या एखाद्या फलनाची क्ष+१ या बिंदूपाशी असलेली किंमत समजली जाते, आणि पडद्यावर दिसणारे सूत्र अगदी आपल्याला हव्या असलेल्या गुणाकारासारखेच दिसते. म्हणून प्रत्येक गुणाकाराला तारकाचिन्ह द्यावे, हे मी आग्रहाने सांगतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आधीच्या उदाहरणातून उरलेली किंमत. मॅक्सिमात कोलन हे चिन्ह किंमत देण्यासाठी असते आणि बरोबरचे चिन्ह केवळ समीकरण मांडण्यासाठी असते. सकाळी कोठेतरी क्ष ला कोलनने ३ ही किंमत दिली असेल, तर दुपारी क्ष^२ चे अवकलन मागताना दुसऱ्या जागी चल हवा होता आणि ३ सापडला, अशा अर्थाचा संदेश येतो. किल या आज्ञेने ती किंमत पुसता येते. नोटबुकात काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की पडद्यावर वरून खाली दिसणारा क्रम आणि आपण आज्ञा प्रत्यक्ष चालवल्या तो क्रम हे एकच असतील असे नाही. शंका आल्यास सगळे पुसून पहिल्या ओळीपासून पुन्हा चालवावे.

सिम्पाय वापरणाऱ्यांसाठी याच जातीची एक वेगळी अडचण आहे. सिम्पाय पायथनच्या आत चालते, आणि १/३ लिहिताच पायथन सिम्पायपर्यंत काही पोहोचण्याआधीच त्याचा ०.३३३… असा दशांश करून टाकते. त्यामुळे क्ष च्या घनमुळाचे समाकलन मागितले की उत्तरात पंधरा-सोळा अंकी दशांश घात दिसू लागतात. यासाठी रॅशनल या नावाने अपूर्णांक द्यावा. आणि त्रिकोणमितीत सर्वत्र रेडियन गृहीत असतात. साइन ३० ची किंमत ०.५ येण्याऐवजी सुमारे उणे ०.९८८ येते ती यामुळेच.

आता वजाबाकी

साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचे समाकलन घ्यावे. मॅक्सिमा उणे (कॉस क्ष)^२ भागिले २ असे उत्तर देते. सिम्पाय (साइन क्ष)^२ भागिले २ असे देते. पुस्तकात पुष्कळदा दुप्पट कोनाचे सूत्र वापरून उणे कॉस २क्ष भागिले ४ असे छापलेले असते. तिन्ही बरोबर आहेत. सिम्पायच्या उत्तरातून मॅक्सिमाचे वजा केले तर १/२ उरते, आणि पुस्तकातले वजा केले तर १/४ उरते. समाकलनाच्या शेवटी आपण सवयीने लिहितो तो स्थिरांक येथे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर येतो. दोन्ही सॉफ्टवेअर तो स्थिरांक लिहीत नाहीत, तो आपण लिहायचा असतो.

वजाबाकी केल्यावर समोर लांबलचक सूत्र आले तर ट्रिगसिम्प किंवा रॅटसिम्प यांसारख्या सुलभीकरणाच्या आज्ञा वापराव्या. येथे एक चूक फार वेळा होते. दोन राशी समान आहेत का हे पाहण्यासाठी विद्यार्थी त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह ठेवून इज ही आज्ञा देतात. मॅक्सिमा तेव्हा फक्त लिहिण्याचे रूप तपासते, त्यामुळे (क्ष+१)^२ आणि क्ष^२+२क्ष+१ यांच्याबाबतही उत्तर फॉल्स असे येते. पायथनमधले दुहेरी बरोबरचे चिन्हही असेच वागते. गणिती समानता विचारायची असेल तर मॅक्सिमात इक्वल हे नाव वापरून विचारावे. तेव्हा होय, नाही किंवा माहीत नाही असे तीन प्रकारचे उत्तर मिळू शकते.

हे तिसरे उत्तर आळसातून आलेले नाही. डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की परिमेय संख्या, पाय, २ चा लॉग, एक चल, साइन, घातांकी फलन आणि केवल मूल्य एवढ्याच साहित्यातून बनवलेली राशी सर्वत्र शून्य आहे की नाही, हे प्रत्येक वेळी ठरवू शकेल अशी कोणतीही रीत असूच शकत नाही. म्हणजे सुलभीकरणाची आज्ञा वजाबाकीचे शून्य करू शकली नाही, एवढ्यावरून वजाबाकी शून्य नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी क्ष ला ०.३७ किंवा १.९ यांसारख्या, कोणतेही वैशिष्ट्य नसलेल्या किमती देऊन पाहाव्या. शून्य, १ किंवा पाय/४ या किमतींना योगायोगाने गोष्टी जुळतात. एका जरी बिंदूवर फरक ठळकपणे वेगळा निघाला तर समानता नाही हे नक्की ठरते. सगळीकडे जुळला तर समानतेवर विश्वास वाढतो, पण ती सिद्ध झाली असे वहीत लिहू नये.

स्थिरांक एकच असतो असे नाही

१/(१+क्ष^२) चे समाकलन व्यस्त टॅन क्ष आहे हे सर्वांना माहीत असते. उणे व्यस्त टॅन(१/क्ष) याचेही अवकलन करून पाहावे. शून्य सोडून सर्वत्र तोच अवकलज मिळतो. दोहोंची वजाबाकी क्ष धन असताना पाय/२ येते आणि क्ष ऋण असताना उणे पाय/२ येते. फरक स्थिर आहे, पण शून्याच्या दोन बाजूंना वेगळा आहे. अवकलज सारखा असलेल्या दोन फलनांत स्थिर फरक असतो हे प्रमेय एका अखंड अंतरालापुरते असते, हे वाक्य आपण वर्गात पाठ करतो. ते का घालावे लागते ते येथे आलेखात दिसते.

१/क्ष च्या समाकलनाबाबतही हेच आहे. मॅक्सिमा लॉग क्ष असे देते आणि पुस्तकात केवल मूल्याचा लॉग असतो. लॉगॲब्स नावाचा पर्याय ट्रू केला की मॅक्सिमाही केवल मूल्य लिहू लागते. या विसंगतीचे जरा अवघड रूप सेक क्ष च्या समाकलनात भेटते. पुस्तकात (सेक क्ष + टॅन क्ष) च्या केवल मूल्याचा लॉग असतो. मॅक्सिमा तेच केवल मूल्याशिवाय देते. आणि सिम्पाय देते लॉग(साइन क्ष + १) चे अर्धे, उणे लॉग(साइन क्ष − १) चे अर्धे. साइन क्ष − १ ही राशी धन कधीच नसते, त्यामुळे ऋण संख्येचा लॉग कसा घेतला असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो योग्यच प्रश्न आहे. सिम्पाय संमिश्र संख्यांत काम करत असते. तेथे लॉग(साइन क्ष − १) म्हणजे लॉग(१ − साइन क्ष) अधिक आय गुणिले पाय. म्हणून उत्तरात उणे आय पाय/२ एवढा स्थिरांक जास्तीचा येतो, आणि तो काढून टाकला की उरलेली राशी (१ + साइन क्ष)/(१ − साइन क्ष) च्या लॉगचे अर्धे, म्हणजेच पुस्तकातले उत्तर होते. स्थिरांक काल्पनिक असला तरी तो स्थिरांकच; अवकलनात तो नाहीसा होतो आणि निश्चित समाकलनात दोन टोकांच्या वजाबाकीत नाहीसा होतो.

अवकलन जुळते, तरी निश्चित समाकलन चुकते

वरच्या सगळ्या उदाहरणांत उत्तर चुकलेले नव्हते. आता ज्या प्रकाराकडे वळतो आहे, त्यात उत्तराचा उपयोग करताना खरीखुरी चूक होते, आणि ती अवकलन करून पाहण्याच्या नेहमीच्या परीक्षेत पकडलीही जात नाही. म्हणून यासाठी थोडा जास्त वेळ द्यावा.

१/(२ + कॉस क्ष) हे फलन ० पासून २ पाय पर्यंत समाकलित करायचे आहे. टॅन(क्ष/२) ची आदेशन पद्धत वापरून पुस्तकात मिळणारे उत्तर असे: २/√३ गुणिले, टॅन(क्ष/२) भागिले √३ या राशीचा व्यस्त टॅन. मॅक्सिमा टॅन(क्ष/२) च्या जागी साइन क्ष/(१ + कॉस क्ष) लिहिते, एवढाच फरक. अवकलन केले आणि सुलभीकरण केले की मूळ फलन बरोबर परत मिळते. आता दोन्ही टोकांच्या किमती ठेवाव्या. क्ष = ० असताना टॅन ० म्हणजे शून्य; क्ष = २ पाय असताना टॅन पाय म्हणजेही शून्य. वजाबाकी शून्य.

हे उत्तर शक्यच नाही. कॉस क्ष उणे १ आणि १ यांच्या दरम्यान असतो, म्हणून हे फलन १/३ आणि १ यांच्या दरम्यान असते, सदैव धन असते, आणि त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ २ पाय/३ म्हणजे सुमारे २.०९ पेक्षा कमी असू शकत नाही. उत्तर टाइप करून पाहण्याआधी असा अंदाज कागदावर बांधण्याची सवय लावून घ्यावी. ही एक सवय कोणत्याही आज्ञेपेक्षा जास्त चुका पकडते.

चूक कोठे आहे हे आलेख काढल्याबरोबर दिसते. मिळालेले प्रतिअवकलज ० पासून वर चढत जाते, क्ष पाय च्या जवळ डावीकडून येताना पाय/√३ म्हणजे सुमारे १.८१ ला पोहोचते, आणि पाय ओलांडताच एकदम उणे १.८१ वर कोसळते. तेथून पुन्हा चढत २ पाय पाशी शून्यावर येते. मूळ फलन तर पाय पाशी अगदी संतत आणि निर्धोक आहे. उडी फलनात नाही, टॅन(क्ष/२) या आदेशनाने ती आणली आहे, कारण टॅन(क्ष/२) ला पाय पाशी किंमतच नाही. कलनशास्त्राच्या मूलभूत प्रमेयाला असे प्रतिअवकलज लागते जे संपूर्ण अंतरालावर संतत असेल आणि ज्याचा अवकलज सर्वत्र मूळ फलन असेल. आपण ही अट न तपासता दोन टोके ठेवली.

दुरुस्ती तीन प्रकारे करता येते आणि तिन्ही करून पाहाव्या. पहिला मार्ग अंतराल पाय पाशी तोडण्याचा: ० पासून पाय पर्यंत एकतर्फी सीमा घेऊन पाय/√३ मिळतात, पाय पासून २ पाय पर्यंत तेवढेच मिळतात, आणि बेरीज २ पाय/√३ म्हणजे सुमारे ३.६२७६ येते. दुसरा मार्ग पाय नंतरच्या भागात उडीएवढा स्थिरांक मिळवण्याचा. सिम्पायच्या उत्तरात फ्लोअर नावाचे एक विचित्र पद दिसते ते नेमके हेच काम करत असते, आणि ते निरर्थक समजून खोडणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते खोडू नये. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो: क्ष/√३ उणे २/√३ गुणिले, साइन क्ष/(२ + √३ + कॉस क्ष) या राशीचा व्यस्त टॅन. हेही त्याच फलनाचे प्रतिअवकलज आहे, आणि याचा छेद कधीच शून्य होत नाही, म्हणून ते सगळीकडे संतत आहे. २ पाय ठेवताच दुसरे पद शून्य होऊन २ पाय/√३ थेट समोर येते. यातून पुस्तकातले उत्तर वजा करून वजाबाकीचा आलेख काढावा. पायऱ्या पायऱ्यांचा जिना दिसेल, आणि प्रत्येक पायरीची उंची २ पाय/√३ असेल.

ताळा म्हणून अंकीय समाकलन करावे. मॅक्सिमात क्वॉड_क्वॅग्स ही आज्ञा चार आकड्यांची यादी देते: समाकलाची अंदाजे किंमत, त्रुटीचा अंदाज, फलनाची किंमत किती वेळा काढली ती संख्या, आणि अडचणीचा संकेतांक. त्यातला पहिला आकडा ३.६२७५९… असा येतो.

उडीमुळे होणारा घोटाळा आणि फलनच अमर्याद होण्यामुळे होणारा घोटाळा यांत फरक करावा. १/क्ष^२ चे उणे १ पासून १ पर्यंतचे समाकलन उणे १/क्ष मध्ये टोके ठेवून काढले तर उणे २ येते, आणि धन फलनासाठी ते अर्थातच अशक्य आहे. येथे कोणताही स्थिरांक मिळवून दुरुस्ती होणार नाही, कारण समाकलच अपसारी आहे. मॅक्सिमाला थेट निश्चित समाकलन मागितले तर ती तसे सांगते.

यंत्र उलट प्रश्न विचारते तेव्हा

क्ष^न चे समाकलन मागितले की मॅक्सिमा उत्तर न देता न ही संख्या उणे १ आहे का, असे विचारते. पुष्कळांना वाटते की प्रणाली अडकली. अर्धविराम देऊन येस किंवा नो असे उत्तर द्यायचे असते, किंवा अझ्यूम आज्ञेने अट आधीच सांगून ठेवायची असते. सेजमध्ये हाच प्रश्न चूक दाखवणारा संदेश म्हणून येतो आणि अझ्यूम वापरण्याचा सल्ला देतो. सिम्पाय प्रश्न न विचारता दोन फाट्यांचे उत्तर देते. पुस्तकात ही अट सूत्राच्या शेजारी बारीक अक्षरांत असते आणि वाचली जात नाही. यंत्र ती वाचायला लावते, हा त्याचा मोठाच उपकार आहे.

येथे थांबून एक प्रयोग अवश्य करावा. क्ष^(न+१)/(न+१) या सूत्रात न उणे १ कडे नेला की ते अमर्याद होते, आणि लॉग क्ष मात्र शांतपणे मर्यादित राहते. मग ही दोन सूत्रे एकाच कुटुंबातली कशी? स्थिरांक नीट निवडावा आणि (क्ष^(न+१) − १)/(न+१) असे लिहावे. क्ष = २ धरून न ला उणे ०.९ दिला तर ०.७१७७ मिळते, उणे ०.९९ दिला तर ०.६९५६, उणे ०.९९९ दिला तर ०.६९३४, आणि लॉग २ आहे ०.६९३१. नंतर मॅक्सिमाला न उणे १ कडे जातानाची सीमा विचारावी, क्ष धन असल्याचे सांगावे, आणि उत्तर लॉग क्ष येते ते पाहावे. ज्या स्थिरांकाला आपण शेपटासारखा जोडतो, त्याच्या निवडीमुळे दोन वेगळी वाटणारी सूत्रे एक होतात.

अटींचाच आणखी एक परिणाम मुळांमध्ये दिसतो. क्ष^२ चे वर्गमूळ मॅक्सिमात केवल मूल्य होते, कारण ती मुळात वास्तव संख्या गृहीत धरते. सिम्पायमध्ये चल वास्तव आहे असे जाहीर करेपर्यंत ते वर्गमूळ तसेच राहते. उणे ८ चे घनमूळ मॅक्सिमा उणे २ देते, तर सिम्पाय संमिश्र मुख्य मूळ देते, ज्याची किंमत १ अधिक १.७३२ आय आहे. घनमुळाच्या आलेखाची डावी बाजू गायब झाल्याची तक्रार याच कारणाने येते. सिम्पायमध्ये त्यासाठी रिअल_रूट वापरावे.

ताळाच चुकतो तेव्हा

अंकीय ताळ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. (१ − कॉस क्ष)/क्ष^२ ची क्ष शून्याकडे जातानाची सीमा १/२ आहे, आणि मॅक्सिमाही तेच सांगते. एखादा विद्यार्थी काळजीपूर्वक किमतींचे कोष्टक बनवतो: ०.१, ०.०१, ०.००१ पर्यंत सर्व ठीक चालते, पण क्ष = १०^(−९) ठेवताच उत्तर शून्य येते आणि सीमाच चुकली असे वाटते. साध्या दशांश गणितात संगणक सुमारे सोळा सार्थ अंक ठेवतो. कॉस(१०^(−९)) आणि १ यांतला फरक १०^(−१८) च्या पातळीचा असल्यामुळे तो साठवलाच जात नाही, आणि अंशात १ − १ उरते. मॅक्सिमात एफपीप्रेक, म्हणजे ठेवायच्या अंकांची संख्या, ५० करून बीफ्लोट या जास्त अंकी दशांशांत गणित करावे. मग कोष्टक पुन्हा ०.५ वर येते. किंवा कागदावर अंशाचे २ गुणिले (साइन(क्ष/२))^२ असे रूपांतर करावे, म्हणजे जास्तीच्या अंकांची गरजच पडत नाही. अवकलजाच्या व्याख्येत एच फार लहान घेतल्यावर येणारी विचित्र उत्तरे याच कारणाची असतात.

उत्तरात अनोळखी नाव येते, किंवा समाकल तसाच परत येतो

ई^(−क्ष^२) च्या समाकलनात एर्फ नावाचे फलन येते. ते चूक नाही. या फलनाचे प्रतिअवकलज बहुपदी, मुळे, घातांकी, लॉग आणि त्रिकोणमितीय फलने यांच्या सांत जोडणीने लिहिता येत नाही. अशा गोष्टी सिद्ध करण्याचा पाया जोसेफ लिऊव्हिल यांनी १८३० च्या दशकात घातला, आणि रॉबर्ट रिश यांनी १९६९ मध्ये ते तपासण्याची पद्धतशीर रीत मांडली. यंत्राने समाकल जसाच्या तसा परत दिला तर मात्र असा निष्कर्ष लगेच काढू नये. मॅक्सिमात रिश यांच्या रीतीचा मुळांशी संबंधित भाग अंतर्भूत नाही, म्हणून वर्गमुळे असलेल्या राशींत उत्तर अस्तित्वात असूनही ते न सापडण्याची शक्यता असते. तेव्हा चेंजव्हार आज्ञेने स्वतः आदेशन सुचवावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. कोणते आदेशन चालेल हे ओळखणे अजूनही आपलेच काम आहे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही आणि शिक्षकांकडे किंवा सहाध्यायांकडे मदत मागायची असेल, तर केवळ पडद्याचे छायाचित्र पाठवू नये. आपण टाइप केलेली आज्ञा अक्षरशः जशीच्या तशी द्यावी, यंत्राचे उत्तर आणि पुस्तकातले उत्तर द्यावे, दोहोंची वजाबाकी आणि दोन-तीन बिंदूंवरच्या तिच्या किमती द्याव्या, तिचा आलेख काढला असेल तर कोणत्या अंतरालावर काढला ते सांगावे. मॅक्सिमात फॅक्ट्स ही आज्ञा दिली की आतापर्यंत केलेली सर्व गृहीतके दिसतात, आणि बिल्ड_इन्फो दिली की आवृत्ती कळते. तीही सोबत जोडावी, कारण वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच समाकलासाठी वेगळ्या रूपाची उत्तरे देऊ शकतात.